‘फायनल फँटसी ८’मध्ये लेव्हल वाढवू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुन्या व्हिडिओ गेम्सचा विषय निघाला की ‘फायनल फँटसी ८’च्या वाट्याला ठरलेली वाक्ये येतात. जादू गोळा करण्यातच निम्मा वेळ जातो. समनची, म्हणजे लढाईत बलाढ्य शक्तींना मदतीला बोलावण्याची, तीच ती लांबलचक दृश्ये पाहून जीव विटतो. लेव्हल वाढवावी तर शत्रूही तेवढेच वाढतात, मग मेहनत कशासाठी? स्क्वेअर कंपनीने ११ फेब्रुवारी १९९९ रोजी हा गेम जपानमध्ये प्लेस्टेशनवर आणला, त्याच वर्षी तो अमेरिका आणि युरोपात पोहोचला, आणि तेव्हापासून ही वाक्ये एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरत आली आहेत. ज्यांना असा अनुभव आला ते खोटे बोलत नाहीत. पण तो येतो इतर रोल-प्लेइंग गेम्समध्ये अंगवळणी पडलेल्या सवयी इथे तशाच चालवल्यामुळे. या गेमचे नियम त्या सवयींच्या नेमके विरुद्ध रचलेले आहेत. ते नियम एकदा नीट मांडले जावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी लेव्हलचे पाहू. या प्रकारच्या बहुतेक गेम्समध्ये पुढची लेव्हल गाठायला मागच्यापेक्षा जास्त अनुभव-गुण लागतात. इथे प्रत्येक लेव्हलला सरसकट १००० गुण लागतात. सातव्यावरून आठव्यावर जायला तेवढेच आणि नव्याण्णवाव्यावरून शंभराव्यावर जायलाही तेवढेच. म्हणजे लेव्हल स्वस्त आहे, आणि त्या मानाने तिच्यातून मिळतेही थोडे: एका लेव्हलमागे ताकद किंवा जादूशक्ती सरासरी एक अंकानेही वाढत नाही. दुसरीकडे, वाटेत भेटणाऱ्या साध्या शत्रूंची लेव्हल तुमच्या गटाच्या सरासरी लेव्हलवरून ठरते. तुम्ही वाढलात की त्यांची प्राणशक्ती आणि मारा दोन्ही वाढतात, आणि ही वाढ तुमच्या तुटपुंज्या वाढीपेक्षा जास्त असते. एखादी लढाई जड जाते म्हणून तास-दोन तास जंगलात लढून परत आलेल्या खेळाडूला ती लढाई आणखी जड जाते, ती यामुळे. त्याला वाटते गेम बिघडलेला आहे. प्रत्यक्षात गेम त्याला सांगत असतो की बळ वाढवण्याची जागा दुसरीकडे आहे.

याचा आणखी एक पुरावा गेममध्येच आहे. बॉसशी, म्हणजे टप्प्याटप्प्यावर येणाऱ्या मोठ्या शत्रूंशी, लढून अनुभव-गुण मिळत नाहीत. मिळतात ते एपी, म्हणजे गार्डियन फोर्सना (पात्रांना जोडता येणाऱ्या आणि लढाईत बोलावता येणाऱ्या शक्तींना) नवी कौशल्ये शिकायला लागणारे गुण. आणि ‘कार्ड’ नावाची आज्ञा वापरून एखाद्या शत्रूचे पत्त्यात रूपांतर केले, तर एपी मिळतात पण अनुभव-गुण मिळत नाहीत. कौशल्ये शिकत राहायची, लेव्हल मात्र खाली ठेवायची, ही वाट रचनाकारांनी उघडपणे ठेवलेली आहे.

मग बळ येते कुठून? ‘जंक्शन’मधून. या गेममध्ये चिलखत नाही, ढाल नाही, शिरस्त्राण नाही. शस्त्र प्रत्येकाचे एकच, ते दुकानात सुटे भाग आणि पैसे देऊन सुधारून घ्यायचे. बाकी सगळी जागा जादूने घेतली आहे. प्रत्येक पात्र एका प्रकारची जादू जास्तीत जास्त १०० नग बाळगू शकते. गार्डियन फोर्स, म्हणजे जीएफ, एखाद्या पात्राला जोडला की त्याने शिकलेल्या जंक्शनप्रमाणे ती साठवलेली जादू प्राणशक्तीला, ताकदीला, बचावाला, वेगाला जोडता येते. जेवढे नग तेवढा फायदा. फायरचे १०० नग ताकदीला जोडले तर ताकद १० अंकांनी वाढते, टॉर्नेडोचे १०० जोडले तर ४८ अंकांनी. आता वर सांगितलेली लेव्हलमागची वाढ आठवा. ४८ अंकांसाठी लेव्हलच्या मागे लागायचे म्हटले तर गेम संपून जाईल. जंक्शनने ते काम मेनूमध्ये अर्ध्या मिनिटात होते.

इथे पहिली मोठी चूक होते. जोडलेली जादू लढाईत वापरली की नग कमी होतो आणि त्यासोबत तो गुणही खाली येतो. क्युरागा या बरे करणाऱ्या जादूचे १०० नग प्राणशक्तीला जोडले की कमाल प्राणशक्ती २२०० ने वाढते, आणि एकदा क्युरागा टाकली की त्यातले २२ जातात. हे लक्षात आल्यावर खेळाडू घाबरतो आणि जादू वापरणेच सोडून देतो. उपाय साधा आहे. जोडायची जादू आणि वापरायची जादू वेगवेगळी ठेवायची. प्राणशक्तीला क्युरागा जोडलेली असेल तर बरे करण्यासाठी क्युरा किंवा वस्तू वापराव्यात. प्रत्येक पात्राकडे ३२ प्रकारची जादू मावते, त्यामुळे जागेची अडचण येत नाही. या गेममधली जादू दारूगोळ्यासारखी उधळायची नाही, ती कच्चा माल म्हणून सांभाळायची, एवढा बदल डोक्यात केला की अर्धे कोडे सुटते.

दुसरी आणि सर्वात महाग चूक म्हणजे हा कच्चा माल ‘ड्रॉ’ करून जमवणे. ड्रॉ म्हणजे शत्रूच्या अंगातून जादू ओढून घेणे. एका खेपेला जास्तीत जास्त ९ नग मिळतात, सुरुवातीला तर दोन-तीनच. तीन पात्रे, प्रत्येकी १०० नग, चार-पाच प्रकारची जादू असा हिशेब मांडला तर एकाच शत्रूसमोर उभे राहून शेकडो वेळा तेच बटण दाबावे लागेल. लोकांनी खरोखर तसे केले आहे आणि त्यांच्या कंटाळ्याला दोष देता येत नाही, कारण गेम सुरुवातीला हाताला धरून शिकवतो तो ड्रॉच. माझ्या मते हा या गेमचा सर्वात मोठा दोष आहे. सर्वात हळू पद्धत आधी आणि ठळकपणे शिकवली, वेगवान पद्धत मेनूच्या कोपऱ्यात ठेवली.

ती वेगवान पद्धत म्हणजे ‘रिफाइन’. जीएफ काही कौशल्ये अशी शिकतात की वस्तूंपासून जादू तयार करता येते. मुख्य मेनूत ‘अ‍ॅबिलिटी’ म्हणून जी ओळ आहे, ती उघडली की ही कौशल्ये सापडतात. कितीतरी जणांनी ती ओळ गेम संपेपर्यंत उघडलेली नसते. काही उदाहरणे देतो, म्हणजे फरक कळेल. सायरन या जीएफचे जीवनजादूचे रिफाइन एका तंबूपासून १० क्युरागा बनवते. तंबू साध्या दुकानात मिळतो, म्हणजे १० तंबू घेतले की एका पात्राच्या १०० क्युरागा तयार, आणि तेही चारपैकी पहिल्या डिस्कमध्ये, जेव्हा शत्रूंकडे क्युरागा औषधालाही नसते. शिवाचे बर्फजादूचे रिफाइन माशाच्या एका कल्ल्यापासून २० वॉटर देते. हे कल्ले बालांबच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या फास्टिटोकॅलॉन-एफ नावाच्या शत्रूकडून मिळतात, पाच कल्ले म्हणजे १०० वॉटर. क्वेझाकॉटलचे रिफाइन एका विंडमिलपासून २० टॉर्नेडो देते.

आणि विंडमिल कुठून आणायची? पत्त्यांतून. ‘ट्रिपल ट्रायड’ हा यातला पत्त्यांचा खेळ बहुतेक लेखांत गोड विरंगुळा म्हणून एका ओळीत उरकला जातो. खरे पाहता गेमच्या अर्थव्यवस्थेचा तो कणा आहे. क्वेझाकॉटल ‘कार्ड मॉड’ शिकला की पत्त्यांच्या वस्तू होतात. अ‍ॅबिस वर्मच्या एका पत्त्याची एक विंडमिल होते, म्हणजे असे पाच पत्ते जमवले की १०० टॉर्नेडो. क्विस्टिस या शिक्षिकेचा पत्ता तिच्या चाहत्यांपैकी एकाकडून बालांब गार्डन या लष्करी शाळेतच जिंकता येतो. त्याचे ३ समांथा सोल होतात आणि डायब्लोस या जीएफच्या काळजादूच्या (वेळेच्या जादूच्या) रिफाइनने एका समांथा सोलपासून ६० ट्रिपल बनतात. एका पत्त्यामागे १८० ट्रिपल! ट्रिपल ताकदीला जोडली की टॉर्नेडोपेक्षाही वरचढ ठरते. हे सगळे पहिल्या डिस्कमध्ये शक्य आहे. नायक स्क्वॉलचे शेवटचे शस्त्र लायनहार्टसुद्धा पहिल्याच डिस्कमध्ये बनवता येते. त्याला १ अ‍ॅडमँटाइन, ४ ड्रॅगन फँग आणि १२ पल्स अ‍ॅमो लागतात, आणि त्यांतले बरेचसे पत्त्यांवाटेच जमते.

पत्ते खेळताना एक सावधगिरी मात्र पाळायलाच हवी. खेळाचे नियम प्रदेशागणिक बदलतात आणि तुम्ही एका प्रदेशातला नियम दुसऱ्या प्रदेशात नकळत घेऊन जाता. बालांबमध्ये ‘ओपन’ चालतो, म्हणजे समोरच्याचे पत्ते दिसतात, आणि नवशिक्यासाठी याहून चांगला नियम नाही. घातक नियम म्हणजे ‘रँडम’. तो लागू झाला की तुमच्याकडच्या साऱ्या पत्त्यांतून गेमच कोणतेही पाच उचलतो, आणि मेहनतीने जिंकलेले उत्तम पत्ते पेटीतच राहतात. म्हणून दोन गोष्टी कराव्यात. समोरच्याने आपले नियम आणि तुमचे नियम एकत्र करून खेळू या असे सुचवले की नकार देऊन बाहेर पडावे, आणि प्रत्येक डावाआधी सेव्ह करावे. शिवाय हलक्या पत्त्यांचे वेळोवेळी वस्तूंत रूपांतर करत राहावे. मग रँडम लागलाच तरी हातात चांगलेच पत्ते येतात. ‘सेम’ आणि ‘प्लस’ हे नियम मात्र टाळू नयेत. ३ बाय ३ च्या पटावर शेजारच्या दोन बाजूंचे आकडे जुळले किंवा त्यांच्या बेरजा जुळल्या की एका पत्त्याने अनेक पत्ते उलटतात, आणि हे एकदा डोळ्यांना दिसू लागले की बलाढ्य पत्त्यांनाही साध्या पत्त्यांनी हरवता येते.

‘कार्ड’ आज्ञेची एक अडचण अनुभवी लोकांनाही सतावते. शत्रूची प्राणशक्ती जेवढी कमी उरलेली, तेवढी पत्ता होण्याची शक्यता जास्त. पण जंक्शन चांगले झाले की एका घावातच शत्रू मरतो, पत्ता होत नाही आणि नको असलेले अनुभव-गुण गळ्यात पडतात. गटातल्या एकाची ताकद मुद्दाम न जोडता ठेवावी. त्याने हलके घाव घालावेत, दुसऱ्याने कार्ड टाकावे. बॉसवर ही आज्ञा चालत नाही. हेही ध्यानात ठेवावे की जो शेवटचा घाव घालतो त्याला जास्तीचे अनुभव-गुण मिळतात आणि जो लढाई संपताना बेशुद्ध पडलेला असतो त्याला मिळतच नाहीत.

तिसरी तक्रार समनची. शिवा, इफ्रीत, क्वेझाकॉटल हे पहिल्या तासातच हाती येतात आणि त्यांचा मारा सुरुवातीला इतका जबर असतो की दर पाळीला त्यांनाच बोलावण्याचा मोह होतो. दृश्ये मोठी, ती मूळ गेममध्ये थांबवता येत नाहीत, आणि मग गेम म्हणजे एक चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहणे होऊन बसते. पण ताकदीला योग्य जादू जोडलेला स्क्वॉल साध्या घावाने आणि बरोबर क्षणी गनब्लेडचा (बंदुकीसारखा चाप असलेल्या तलवारीचा) चाप ओढून त्याहून जास्त नुकसान काही सेकंदांत करतो. समन ही सुरुवातीच्या काळापुरती कुबडी आहे. ती फेकता येते, आणि पहिल्या डिस्कच्या मध्यावर फेकायलाच हवी. तिचा खरा उपयोग वेगळा आहे: बोलावणे चालू असताना त्या पात्रावर पडणारा मार जीएफ स्वतःवर घेतो, त्यामुळे प्राणशक्ती तळाला गेलेल्या पात्राला तेवढा आडोसा मिळतो.

शस्त्राला जोडायच्या जादूबद्दल फारच कमी लिहिले जाते, म्हणून दोन वाक्ये. ‘स्टेटस अ‍ॅटॅक’ला डेथचे १०० नग जोडले तर ज्या शत्रूला मृत्यूजादू लागू होते तो पहिल्याच घावात जातो. ड्रेन जोडली तर प्रत्येक घावाबरोबर तुमची प्राणशक्ती भरत जाते. मूलतत्त्व (आग, बर्फ वगैरे) जोडताना मात्र शत्रू पाहून जोडावे. इफ्रीतसमोर शस्त्राला फायर जोडून गेलात तर प्रत्येक घाव त्याला बरे करेल, ब्लिझर्ड ही बर्फाची जादू जोडून गेलात तर लढाई झटपट संपेल. बचावाच्या बाजूला एखाद्या मूलतत्त्वाचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या पुढे गेले की तो मार उलट तुम्हालाच बरे करतो.

आता कुणी हा गेम नव्याने सुरू करणार असेल तर सुरुवातीचा क्रम असा ठेवावा. वर्गातल्या टेबलावरच्या संगणकातून क्वेझाकॉटल आणि शिवा घ्यावेत, आणि लगेच जीएफच्या मेनूत जाऊन ते काय शिकत आहेत ते बदलावे. आपण काही सांगितले नाही तर ते आपल्या मनाने शिकत बसतात आणि एपी भलतीकडे खर्च होतात. क्वेझाकॉटलला आधी ‘कार्ड’, मग ‘कार्ड मॉड’, शिवाला ‘स्ट्रेंथ जंक्शन’. अटॅक सोडून आज्ञांच्या फक्त तीन जागा असतात, त्यांत एकाकडे तरी कार्ड हवे. बालांब गार्डनच्या दुसऱ्या मजल्यावर लिफ्टजवळ एक विद्यार्थी सात पत्ते फुकट देतो, ते घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. अग्निगुहेत इफ्रीतला हरवून सोबत घेतल्यावर त्याला ‘एचपी जंक्शन’ (प्राणशक्तीला जादू जोडण्याचे कौशल्य) शिकवावे. डॉलेटच्या मनोऱ्यावर एल्वोरेट नावाच्या बॉसच्या अंगात सायरन असते. ती ड्रॉ करून घ्यावी लागते, न घेता बॉस मारला तर ती बराच काळ हातची जाते. बॉसच्या अंगात दडलेले जीएफ ही या गेमची जुनी खोड आहे, म्हणून प्रत्येक बॉससमोर पहिल्या पाळीला ड्रॉची यादी उघडून पाहावी. टिंबरला निघताना प्राचार्य सिड जादूचा दिवा देतात. तो वापरण्याआधी सेव्ह करावे, कारण दिवा घासताच डायब्लोसशी लढावे लागते. त्याची गुरुत्वजादू उरलेल्या प्राणशक्तीचा हिस्सा काढून घेते, तेवढ्याने जीव जात नाही, जातो तो त्याच्या साध्या घावांनी. त्याला आंधळे केले की ते घाव चुकतात. डायब्लोस मिळाला की त्याला ‘एन्काउंटर हाफ’ आणि मग ‘एन्काउंटर नन’ शिकवावे, म्हणजे वाटेतल्या नको त्या लढाया बंद.

पैशांची काळजी लढून मिटत नाही, कारण राक्षसांकडून पैसे मिळतच नाहीत. स्क्वॉल हा पगारी सैनिक आहे आणि चालता चालता ठराविक अंतराने त्याचा पगार जमा होतो. तो पगार हुद्द्यावर अवलंबून असतो, आणि हुद्दा वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे मेनूतल्या लेखी परीक्षा. एकूण ३० परीक्षा, प्रत्येकीत १० प्रश्न, सगळी उत्तरे बरोबर आली तर एक पायरी वर. स्क्वॉलच्या लेव्हलपेक्षा वरच्या क्रमांकाची परीक्षा देता येत नाही, लेव्हल खाली ठेवण्याचा हा एक तोटा आहे खरा. बराच काळ कुणाशी लढलाच नाहीत तर हुद्दा घसरतो, हेही एन्काउंटर नन वापरणाऱ्यांनी विसरू नये.

लेव्हल कधीच वाढवायची नाही का, असा प्रश्न येईल. वाढवायची, पण उशिरा आणि समजून. जीएफकडे ‘स्ट्रेंथ बोनस’, ‘मॅजिक बोनस’ अशी कौशल्ये असतात. ती लावलेली असताना लेव्हल वाढली तर त्या गुणात कायमचा एक अंक जास्तीचा पडतो. स्क्वॉल सुरुवातीला सातव्या लेव्हलवर असतो. बोनस हाती येण्याआधीच तुम्ही त्याला चाळिसाव्यावर नेऊन ठेवले, तर तीसेक संधी गेल्या. शिवाय शत्रू वरच्या लेव्हलला गेले की त्यांच्याकडची जादू आणि वस्तूही बदलतात, काही चांगल्या वस्तू त्यांच्याकडून तेव्हाच मिळतात. म्हणजे लेव्हल हा इथे निर्णय आहे. ज्या प्रकारच्या गेम्समध्ये ती आपोआप होणारी गोष्ट समजली जाते, तिथे १९९९ साली असा विचार करणे धाडसाचे होते. लढाईची रचना हिरोयुकी इतो यांची, दिग्दर्शन योशिनोरी कितासे यांचे. आधीच्या भागाला जगभर अफाट यश मिळालेले असताना त्यांनी तोच साचा पुन्हा वापरला नाही, याचे श्रेय त्यांना क्वचितच दिले जाते.

कथेवरही असाच अर्धवट वाचनाचा ठपका पडला आहे. स्क्वॉल घुम्या आहे, तुटक बोलतो, म्हणून तो कंटाळवाणा, असे म्हणतात. तो मोठ्याने कमी बोलतो हे खरे, पण त्याच्या मनातले विचार पडद्यावर सतत उमटत असतात, आणि ते वाचत गेले की सतरा वर्षांचा एक मुलगा पुन्हा कुणी सोडून जाऊ नये म्हणून कुणाला जवळच येऊ देत नाही, हे स्वच्छ दिसते. काझुशिगे नोजिमा यांच्या लेखनाचा हा सर्वात नाजूक भाग आहे आणि संवादांच्या खिडक्या भराभर पुढे ढकलणाऱ्याला तो दिसत नाही.

कथेतल्या एका दुव्याकडे तर मुद्दाम लक्ष वेधायचे आहे (ज्यांना कथा कळून घ्यायची नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा). ट्राबिया गार्डनच्या उद्ध्वस्त बास्केटबॉल मैदानावर गटातला अर्विन सांगतो की रिनोआ सोडून आपण सगळे लहानपणी एकाच अनाथाश्रमात होतो. बाकी कुणाला ते आठवत नाही. कारण जीएफ डोक्यात जागा घेतात आणि तिथल्या आठवणी जातात. अर्विनला आठवते, कारण या गटात येईपर्यंत त्याने जीएफ वापरलेला नव्हता. या प्रसंगाला ‘सोयीस्कर योगायोग’ म्हणून हिणवले जाते. पण विचार करा, त्या क्षणापर्यंत प्रत्येक पात्राला जीएफ कोणी जोडले? खेळाडूनेच. मेनूत बसून, ताकद वाढावी म्हणून, एकही न विसरता. पात्रांच्या बळाची किंमत त्यांच्या बालपणाने चुकवली आहे, आणि ती चुकवायला लावणारा हात आपला आहे. ते कळल्यावरही पात्रे ठरवतात की लढाई आहे तोवर जीएफ सोडायचे नाहीत, आणि आपणही पुन्हा मेनू उघडून तेच करतो. खेळाचा नियम आणि कथेचा आशय इतके एकजीव झालेले उदाहरण त्या काळात दुसरे शोधावे लागेल. जंक्शनकडे केवळ आकडेमोड म्हणून पाहणाऱ्याच्या हातून नेमके हेच निसटते.

दोष नाहीत असे मुळीच नाही. ड्रॉ आधी शिकवण्याबद्दल वर लिहिलेच आहे. कथेचा उत्तरार्ध घाईने उलगडतो आणि चेटकिणींचा इतिहास समजून घ्यायला मेनूतली माहितीची पाने वाचावी लागतात, जी फार थोडे लोक वाचतात. गटातली पात्रे कथा वारंवार बदलते, आणि दर वेळी जंक्शन एकाकडून दुसऱ्याकडे हलवावे लागते. त्यासाठी ‘स्विच’ मेनूत अदलाबदलीची सोय आहे, पण ती विसरलात तर नवा आलेला माणूस लढाईत फक्त अटॅक करू शकतो. जीएफशिवाय जादू नाही, ड्रॉ नाही, वस्तूसुद्धा नाही. आणि पत्ते-रिफाइनची वाट पूर्ण आत्मसात केली तर पुढच्या लढाया फार सोप्या होतात, हा आक्षेपही खरा आहे. ज्यांना आव्हान हवे त्यांनी पत्त्यांची जादू बेताने वापरावी, किंवा ‘स्वर्गाजवळचे’ आणि ‘नरकाजवळचे’ ही दोन बेटे गाठावीत. तिथले शत्रू तुमची लेव्हल काहीही असो, १०० व्या लेव्हलचेच असतात.

सप्टेंबर २०१९ मध्ये प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन, स्विच आणि विंडोजवर याची रीमास्टर आवृत्ती आली. तिच्यात गेम तिप्पट वेगाने चालवता येतो, वाटेतल्या लढाया बंद करता येतात आणि लढाईत प्राणशक्ती सतत भरलेली ठेवण्याची सोयही आहे. तिप्पट वेग जरूर वापरावा, समनची दृश्ये त्याने सुसह्य होतात. लढाया बंद करण्याचे बटण मात्र सुरुवातीपासून दाबून ठेवू नये, एपी मिळायचे थांबतात आणि रिफाइनची कौशल्येच हाती येत नाहीत. प्राणशक्तीची सोय तर पहिल्या खेळात बंदच ठेवावी. तिने जंक्शनची गरजच संपते, आणि मग उरते तीच जुनी तक्रार की या गेममध्ये करण्यासारखे काही नाही.

आपल्या पुरवणीत जुन्या गेम्सवर मजकूर येतो तेव्हा गुण-दोषांच्या आधी तो गेम कसा खेळायचा याला चार ओळी द्याव्यात, ही विनंती. या गेमपुरत्या त्या चार ओळी मी वर दिल्या आहेतच. शेवटच्या टप्प्यावर अडकणाऱ्यांसाठी आणखी एक तेवढी जोडतो. चौथ्या डिस्कमध्ये शहरांचे दरवाजे बंद होतात, म्हणून खरेदी आणि शस्त्रांची सुधारणा तिसऱ्या डिस्कमध्येच उरकावी. अंतिम शत्रू असलेल्या अल्टिमेसिया या चेटकिणीच्या किल्ल्यात शिरताच ड्रॉ, वस्तू, जादू, जीएफ, अगदी सेव्ह करणेसुद्धा गोठवले जाते आणि एकेक बॉस मारून एकेक सोय परत मिळवावी लागते. बहुतेक जण जादू आधी सोडवतात. आधी सेव्ह सोडवावे. वाटेत निसटलेले जीएफ याच किल्ल्यातल्या बॉसच्या अंगात पुन्हा सापडतात, पण ते घ्यायला ड्रॉ सुटलेला हवा, म्हणून दुसरा क्रमांक त्याचा. आणि अंतिम लढाईत कोणते तीन जण उतरणार हे गेम ठरवतो, पडलेल्याच्या जागी दुसरा येतो. म्हणून आवडत्या तिघांवर सारे जीएफ न लादता सहाही जणांना वाटून द्यावेत, आणि निदान प्राणशक्ती व ताकद या दोन गोष्टी प्रत्येकाला जोडलेल्या आहेत ना, हे दारात उभे असतानाच पाहून घ्यावे.

आपला,
एक वाचक